पिंग रात्री नऊलाच का चढतो? देवबागच्या गजालीला एका केबलवाल्याचं उत्तर

प्रश्न विचारणारा बारावीतला मुलगा आहे, देवबागचा. घरी फायबर आहे, प्लॅन खाली (डाउनलोड) १०० आणि वर (अपलोड) २० एमबीपीएसचा. सातव्या पिढीच्या आय-फाइव्हचा जुना पीसी, त्यावर व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन गेम. दुपारी पिंग (गेमचा संदेश सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) २४-२५ असतो, रात्री नऊ वाजले की १८० वर जातो आणि पावणेअकरा-अकराला आपला आपण खाली येतो. दिवाळीनंतर हे सुरू झालं. रात्री चौघे मित्र हेडफोन लावून खेळता खेळता गजाली मारतात आणि त्यात या पिंगचे तीन निकाल लागलेत. पुण्याला इंजिनिअरिंग करणारा म्हणतो, पीसी भंगार आहे, विंडोज काढ, लिनक्स टाक. गावातला एक जण पक्षाचं काम करतो, त्याच्या मते निवडणुका जवळ आल्या की सरकारच नेट हळू करतं. तिसऱ्याचं म्हणणं, सर्व्हर सिंगापूरला आहे, व्हीपीएन घे, म्हणजे डेटा दुसऱ्या वाटेने फिरवून ने. आणि बाबांनी टीव्हीवर बातमी पाहून वेगळाच फतवा काढलाय: सरकारने गेमिंगवर बंदी आणली, पीसी विकून टाक.

अरे झिला, उत्तर तुझ्याच प्रश्नात आहे. तू खोलीची तक्रार करताना सहज लिहून गेलास की दादा स्कुबावरून आला की रात्री माजघरात लॅपटॉप घेऊन पर्यटकांना त्यांचे पाण्याखालचे व्हिडिओ पाठवत बसतो, म्हणून तुला कोपऱ्यातल्या खोलीत खेळावं लागतं. माझा अंदाज असा की खोलीचा गुन्हा थोडा आहे, दादाच्या व्हिडिओंचा जास्त. सरकार, सिंगापूर आणि विंडोज तिघेही या प्रकरणात निर्दोष सुटतील. अंदाज म्हणतोय, कारण तुझ्या घरी मी आलेलो नाही. पण गेली अठरा वर्षं मालवण-कणकवली पट्ट्यात केबल ओढतोय, आणि दिवाळीनंतर सुरू होऊन रात्री नऊ ते अकरा टिकणारा रोग मला ओळखीचा वाटतो. जून ते ऑगस्ट समुद्र बंद, स्कुबा बंद, व्हिडिओही बंद. तेव्हा तुझा पिंग बरा होता ना? बघ आठवून.

आता हिशेब मांडू. पाण्याखालच्या कॅमेऱ्याचा चांगल्या दर्जाचा व्हिडिओ सेकंदाला साधारण ६० मेगाबिट खातो. तीन मिनिटांची एक क्लिप म्हणजे जवळपास १.३५ जीबी. तुमची वर जाणारी लाइन २० एमबीपीएसची, म्हणजे एक क्लिप चढायला नऊ मिनिटं. सीझनमध्ये दादाचे दिवसाला बारा ग्रुप झाले तर बारा नव्वे एकशे आठ, म्हणजे पावणेदोन तासांच्या वर. नऊला सुरू केलं तर पावणेअकरा वाजून जातात. बारा ग्रुप हे मी धरलेत, तू दादाला खरा आकडा विचार. पण तुझ्या पिंगची वेळ आणि ही बेरीज इतकी जुळते की मला दुसरीकडे बघावंसं वाटत नाही.

तू म्हणशील, व्हिडिओ वर जातोय, माझा गेम तर इवलासा डेटा घेतो, त्याला का त्रास? बरोबर आहे, गेमला डेटा अगदी किरकोळ लागतो. त्रास रांगेचा आहे. फोंडा घाटात एक चिऱ्याचा ट्रक पुढे असला की मागे दुचाकीवाला कितीही हलका असो, त्याला ट्रकच्या चालीनेच चढावं लागतं. राउटरमध्ये तसंच होतं. लॅपटॉप राउटरकडे डेटा ओततो पटापट, राउटरला तो बाहेर सोडता येतो २० एमबीपीएसनेच, उरलेला तो पोटात धरून ठेवतो. याला बफर म्हणतात. तुझ्या बंदुकीची गोळी, म्हणजे तिची खबर घेऊन निघालेलं डेटाचं छोटं पॅकेट, त्या बफरच्या शेपटाला जाऊन उभं राहतं. २० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला अडीच एमबी. तुझा जादा पिंग १५५ मिलिसेकंदांचा. एवढ्या वेळात बाहेर पडतो जेमतेम ४०० केबी डेटा. म्हणजे तुझ्या पुढे उभी असलेली रांग मोबाइलवर काढलेल्या एका फोटोएवढीही नाही, आणि तेवढ्याने तू दर राउंडला मरतोस. आमच्या धंद्यात या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. स्पीड टेस्टच्या मोठ्या आकड्यात ते दिसतच नाही, कारण तो आकडा किती डेटा गेला ते मोजतो, तो किती वेळ ताटकळला ते सांगत नाही. म्हणून लोक फोन करून म्हणतात, 'स्पीड तर शंभर दाखवता, मगे गेम कित्याक अडकता?' आणि आमचा पोरगा उत्तर देतो, 'राउटर बंद करून चालू करा.' बंद करून चालू केल्यावर दादाचं अपलोड तुटतं, दोन मिनिटं सगळं छान चालतं, आणि दोघांनाही वाटतं की इलाज झाला.

आधी सिद्ध कर, मग भांड. रात्री सव्वानऊला, पिंग चढलेला असताना, विंडोजमधला कमांड प्रॉम्प्ट उघड. पिंग लिहून, जागा सोडून, राउटरच्या खाली स्टिकरवर छापलेला पत्ता टाक, पुन्हा जागा सोडून वजा टी. आकडे ओळीने येत राहतील. हा तुझ्या खोलीपासून माजघरातल्या राउटरपर्यंतचा पिंग. दुसऱ्या खिडकीत बाहेरच्या एखाद्या मोठ्या सर्व्हरचा पिंग असाच चालू ठेव. आता दादाला सांग, एक मिनिट अपलोड पॉज कर. एकच मिनिट, तेवढ्याने कुठला पर्यटक रागावत नाही. बाहेरचा आकडा १८० वरून पंचविशीत उतरला तर खटला तिथेच संपला. उतरला नाही, पण राउटरचाच आकडा ५०-१०० मध्ये उड्या मारतोय, तर दोष वायफायचा. राउटरपर्यंत एक-दोन आणि बाहेर तरीही १८०, तर मग दोष आमचा, केबलवाल्यांचा. त्याबद्दल पुढे बोलतो, लपवणार नाही.

इलाजाचं बोलू. सगळ्यात स्वस्त इलाज फुकट आहे: दादाने व्हिडिओ रात्री साडेअकरानंतर लावून झोपावं. पण पाहुण्यांना व्हिडिओ त्याच रात्री हवे असतात, कारण सकाळी त्यांची गाडी निघायची असते आणि त्याआधी स्टेटसला टाकायचं असतं. दादाच्या त्या व्हिडिओंवर तुमच्या घराची चूल चालते, तुझ्या रँकवर नाही, हे मी बाबांच्या वतीने सांगून ठेवतो. तेव्हा दुसरा इलाज: दादाच्या लॅपटॉपवर गूगल ड्राइव्हचं ॲप असेल तर त्यात अपलोडचा वेग बांधून घालायची सोय असते. २० पैकी १५-१६ वर बांध. नऊ मिनिटांची क्लिप साडेअकरा मिनिटं घेईल, दादाच्या ते लक्षातही येणार नाही, आणि राउटरच्या पोटात रांग साठणार नाही. कारण जोवर आत येणारा डेटा बाहेर जाणाऱ्यापेक्षा कमी आहे तोवर बफर रिकामाच राहतो. ही एवढीच गोष्ट समजली की अर्धं नेटवर्किंग समजलं.

तिसरा इलाज कायमचा. आम्ही फायबरच्या टोकाला जो डबा बसवून देतो त्यात क्यूओएस नावाचा, कोणाचा डेटा आधी सोडायचा ते ठरवणारा, पर्याय बहुतेक वेळा असतो, पण तो बहुतेक वेळा नावापुरताच. त्याच्या मागे स्वतःचा राउटर लाव, ज्यात स्मार्ट क्यू मॅनेजमेंट आहे, किंवा ज्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची फुकट प्रणाली चढवता येते. त्यात एफक्यू-कोडेल किंवा केक नावाची पद्धत निवडायची आणि वेग लाइनच्या ८५ ते ९० टक्के भरायचा. मग प्रत्येकाची रांग वेगळी लागते, दादाचा ट्रक त्याच्या बाजूने चढतो आणि तुझी दुचाकी बाजूने निघून जाते. पुण्याच्या मित्राला एवढीच हौस असेल तर तुझ्या पीसीवर लिनक्स टाकण्यापेक्षा त्याने सुट्टीत येऊन राउटरवर टाकून द्यावं. ओपनडब्ल्यूआरटी लिनक्सच आहे, त्याचाही मान राहील.

त्याच्या निकालाचं आता बघू. पीसी जुना असला की एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, पडते, चित्र अडखळतं. पिंग म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला लागलेला वेळ, त्याचा प्रोसेसरच्या वयाशी फारसा संबंध नाही. आणि पीसी दुपारी तरुण आणि रात्री नऊला म्हातारा होत नाही. त्याचं एक म्हणणं मात्र खरं: विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. ही काळजी सुरक्षिततेची आहे, वेगळी आहे. पण त्यावर उपाय म्हणून लिनक्स टाकलंस तर व्हॅलोरंटच उघडणार नाही, कारण त्याचं व्हॅनगार्ड हे फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही. त्याच धाटणीचा काउंटर-स्ट्राइक २ हा गेम चालेल. मित्राला विचार, त्याला तू काउंटर-स्ट्राइककडे यावास म्हणून तर हा सल्ला नाही ना.

सिंगापूरवाल्याची गोष्ट मला आवडली, कारण ती गणिताने खोटी ठरवता येते. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर शंभर किलोमीटरला, जाऊन-येऊन, एक मिलिसेकंद. मालवण ते मुंबई तार वळणावळणाने पाचशे किलोमीटर धरली तर पाच मिलिसेकंद. मधली यंत्रं, वायफाय, सर्व्हरचा स्वतःचा वेळ मिळून पंधरा-पंचवीस होतात. मुंबई ते सिंगापूर सरळ रेघ मारली तरी जवळजवळ ३,९०० किलोमीटर, म्हणजे एकोणचाळीस मिलिसेकंद ही निसर्गाची पायरी, तिच्याखाली कोणीच उतरू शकत नाही, कितीही महागडा प्लॅन घेतला तरी. तुझा दुपारचा पिंग २४ आहे. म्हणजे तू सिंगापूरला जाऊन परत येऊच शकत नाहीस, तुझा सर्व्हर मुंबईतला आहे. मित्राचा मुद्दा मोडायला तुझा स्वतःचाच आकडा पुरतो. लॉबीत एकदा मुंबई निवडलेली आहे ना एवढं बघ आणि विषय सोड. व्हीपीएनचं म्हणशील तर, वाटेत कुठे उलटसुलट फिरवून नेत असतील तरच त्याचा उपयोग. सरळ रस्ता असताना व्हीपीएन घेणं म्हणजे मालवणहून कुडाळला जायला आधी सावंतवाडी गाठणं. आणि रांग तर घरातच आहे, घराबाहेर पडायच्या आधी.

आता पक्षवाला. त्याच्याशी भांडू नकोस. सत्तेतले आणि विरोधातले, दोन्हीकडचे कार्यकर्ते माझे ग्राहक आहेत आणि बिल दोघांचंही थकतं, त्यामुळे मी या बाबतीत निःपक्ष आहे. सरकार नेट बंद करू शकतं, त्यासाठी कायदा आणि नियम आहेत. पण त्याला लेखी आदेश लागतो, भाग ठरतो, आणि मग त्या सगळ्या भागाला सारखंच. संपूर्ण देवबागेत एका घराचा गेम रोज नऊ ते अकरा हळू करायचा आणि दादाचे मासे मात्र नीट अपलोड होऊ द्यायचे, एवढी कार्यक्षमता कुठल्याच सरकारकडे मी पाहिली नाही. पाहिली असती तर महामार्ग कधीच झाला असता.

तरी त्याच्या म्हणण्यात एक खरा धागा आहे आणि तो आम्हाला टोचणारा आहे. रात्री नऊला नेट खरोखर भरतं. तुझ्या घरी येणारा फायबर तुझा एकट्याचा नसतो. आमच्या ऑफिसातल्या यंत्राच्या एका पोर्टमधून खाली अडीच गिगाबिट आणि वर सव्वा गिगाबिट निघतं, आणि ते वाटेत काचेच्या स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटलं जातं. एवढ्यावर ६४ घरांचं छान भागतं, कारण सगळे एकाच क्षणी शंभर ओढत नाहीत. अडचण त्याच्या पुढे असते: आम्ही स्वतः मुंबईकडे जाणारी जी लाइन विकत घेतो ती किती मोठी घ्यायची, हा पैशाचा प्रश्न. ती अपुरी पडली की सगळ्या गावाची रांग लागते, आणि मग तुझं घर रिकामं असलं तरी पिंग १८०.

हे मी केलंय, म्हणून सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईचे चाकरमानी गावी येऊन बसले, घरून काम, पोरांची ऑनलाइन शाळा, त्यात सगळ्यांना सिनेमे. माझी मुंबईकडे जाणारी लाइन दिवसभर तुडुंब. मोठी लाइन घ्यायला हातात पैसे नव्हते, कारण वसुली बंद होती. फोन करणाऱ्यांना मी महिनाभर सांगितलं, 'समुद्राखालची केबल तुटली आहे.' लोकांना पटायचं, समुद्र समोरच होता. शेवटी एका म्हाताऱ्या रापणकराने, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराने, विचारलं, 'किती वावात तुटली रे?' वाव म्हणजे समुद्राची खोली मोजायचं माप. त्याला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी भावाकडून उसने घेऊन लाइन वाढवली. तेव्हा तुझ्या केबलवाल्याने समुद्राखालची केबल म्हटलं तर त्याला वाव विचार.

दोष केबलवाल्याचा आहे का, याची चाचणी अशी: राउटरला थेट तारेने पीसी जोड, घरातले सगळे फोन, टीव्ही, दादाचा लॅपटॉप वायफायवरून काढ, आणि रात्री साडेनऊला मोज. तरीही १८० असेल तर तीन रात्रींचे स्क्रीनशॉट काढून वेळेसह त्याला पाठव. 'नेट स्लो आहे' या तक्रारीवर आम्ही हलत नाही, खरं सांगतो. आकडा आणि वेळ लिहून आली की लाज वाटते. गणपतीचे पाच-सात दिवस मात्र माफ कर, तेव्हा प्रत्येक घरात दहा फोन जास्त असतात आणि टॉवरही कण्हत असतो.

आता तुझ्या कोपऱ्यातल्या खोलीकडे येऊ, कारण दादाचा प्रश्न सुटला तरी ती थोडाफार त्रास देणारच. शहरातली पोरं व्हिडिओत सांगतात, वायफायचा चॅनल बदला, शेजाऱ्यांची गर्दी असते. आपल्याकडे शेजारी चार माडांच्या पलीकडे, त्याचं वायफाय आपल्या पडवीपर्यंतही येत नाही. आपला शत्रू चिरा. जांभ्याचा हातभर रुंद चिरा, त्याच्या दोन भिंती मध्ये आल्या की ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल संपतोच, २.४ चा लंगडत पोहोचतो. पावसाळ्यात चिरा पाणी पितो, तेव्हा आणखी बिघडतं. रिपीटर घेऊ नकोस, साधा रिपीटर एकाच हवेत दोनदा बोलतो आणि उशीर वाढवतो. पंचवीस मीटरची कॅट-सिक्स तार घे. घेताना तांब्याचीच माग. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार निम्म्या भावात मिळते, ती देवबागच्या खाऱ्या हवेत टिकत नाही. मी दोन वर्षांत टोकाची पांढरी भुकटी झालेली पाहिली आहे. जॅकच्या पिना हिरव्या पडल्या की तारेचा हजार एमबीपीएसचा वेग शंभरवर उतरतो, कोणाला कळतही नाही. पिना दरवर्षी दिवाळीच्या सफाईत बघून घे, हिरव्या दिसल्या तर नवा जॅक मारून घे, किरकोळ खर्च आहे.

बाहेरून येणारा फायबर खिळ्यावर गुंडाळून ठेवलेला असेल तर आधी तो सोड. काचेला तीव्र वळण चालत नाही, प्रकाश बाहेर सांडतो. राउटरच्या आतल्या पानावर प्रकाशाची पातळी दिसते, ती वजा आकड्यात असते. वजा वीस-बावीसपर्यंत मजा, वजा सत्तावीसच्या पलीकडे गेली की लाल दिवा. वाऱ्याने माडाचं चुडत तारेवर पडलं की हा आकडा घसरतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासत गेलं तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस वीजच नव्हती. आम्ही तेव्हा कुठली तार वाचली ते शोधत फिरत होतो, तुटलेल्या मोजण्यात अर्थ नव्हता.

विजेचा आणखी एक खेळ सांगतो, तुझा नसला तरी तुझ्या मित्रांपैकी कोणाचा तरी असेल. मागे एका घरात रोज संध्याकाळी सातला नेट दोन मिनिटं जायचं. तीनदा डबा बदलला. शेवटी सातला तिथे चहा पीत बसलो, तेव्हा कळलं. शेजारचे पंप चालू झाले की व्होल्टेज १८० च्या खाली यायचं, इन्व्हर्टर टक्कन बॅटरीवर जायचा, आणि तेवढ्या क्षणात राउटर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. राउटरपुरता बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला, रोग गेला. आधीच चहाला बसलो असतो तर तीन डबे वाचले असते.

फाइव्ह-जी किंवा उपग्रहाचा सल्ला मित्रांपैकी कोणी अजून दिला नाही याचं आश्चर्य वाटलं, म्हणून आधीच सांगतो. जुने उपग्रह जवळजवळ ३६ हजार किलोमीटरवर, नुसतं वर-खाली-वर-खाली करायला जवळजवळ अर्धा सेकंद जातो, गेम विसर. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर, तिथे पिंग बरा मिळतो, पण त्याला मोकळं आभाळ लागतं आणि तुझ्या छपरावर माडांची झापं आहेत. फाइव्ह-जी घरात आणायची तर टॉवर जवळ हवा, आणि पिंग सरासरीने चांगला असला तरी वर-खाली उडतो. दाराशी काच आलेली असताना हवेच्या मागे लागू नये.

राहिले बाबा. त्यांना नीट समजावून सांग, हसू नकोस, त्यांच्या डोक्यात तीन-चार बातम्या एकत्र झाल्यात आणि त्या खऱ्याच आहेत. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ ॲप बंद केली, त्यात पबजी मोबाइल होतं. ते चिनी ॲपच्या सुरक्षिततेवरून. त्याचा भारतीय अवतार बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये दुकानातून गायब झाला, मे २०२३ मध्ये परत आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर गेलं. यातून घरातल्या मोठ्यांना वाटणारच की गेमिंग म्हणजे काहीतरी पोलिसी भानगड. आणि मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. बाबांनी पाहिलेली बातमी बहुधा हीच.

तो कायदा पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. पैसे भरायचे आणि जास्त पैसे जिंकायच्या आशेने खेळायचं, मग त्यात कौशल्य असो की नशीब, असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याची जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला मान्यता देऊन वेगळं ठेवलंय. तुझा व्हॅलोरंट यात येत नाही. स्किन विकत घेणं हाही त्या अर्थाने जुगार नाही, कारण तिथून पैसे परत यायची आशाच नसते. पण दादाच्या कार्डावरून घेतलेल्या स्किन बाबांना सांगायच्या की नाही, हे तू ठरव. त्यांची भीती मी हलकी घेत नाही. आमच्या पट्ट्यात मटक्याने बुडालेली घरं त्यांच्या पिढीने पाहिलीत, आणि मोबाइलवरच्या रमीत मासळीचे पैसे घालवलेला एक खलाशी माझ्याच ओळखीतला आहे. बाबांना विचार, 'मी पैसे लावतो का ते बघायचंय?' आणि एक रात्र शेजारी बसव. १८० पिंगने तू कसा मरतोस हे पाहून त्यांनाच दया येईल.

तर आजच्या आज खरेदी करायची असेल तर फक्त ती तांब्याची तार. राउटर नंतर, दादाच्या लॅपटॉपवर वेग बांधून काय फरक पडतो ते बघून. पीसी तर अजिबात नाही. सव्वानऊचे तीन आकडे मला पाठव: खोली ते राउटर, खोली ते बाहेर, आणि दादाने पॉज केल्यावरचा. चौघे मिळून गजालीत मोजलेत तरी चालेल, पक्षवाल्याला स्क्रीनशॉट काढायला लाव, त्याला सवय असेल.

आणि तार माजघरातून कोपऱ्यात न्यायला चिऱ्याला भोक पाडावं लागेल. ड्रिल मारायच्या आधी आईला विचार. देवघराची भिंत असेल तर मी काही सांगितलं नव्हतं.